साठ नंबरची जागा

सोमवार, ८ फेब्रुवारी

…परत शून्य. गाठोडं उतरवलं, काटा पुसला, गाठोडं परत चढवलं. स्क्रीनवर बेचाळीस किलो. लेबलावर शून्य. दुसरं गाठोडं. स्क्रीनवर अडतीस, लेबलावर शून्य. फोरमन म्हणाला, थांबा, मीच उभा राहतो. राहिला. स्क्रीनवर एकाहत्तर. लेबल फाडून वाचलं आणि म्हणाला, शून्य. आमच्या घरीही हेच मत आहे. रोलरवर चादरी घालणाऱ्या बायका हसल्या. मी हसलो नाही. कोणीतरी गंभीर राहावं लागतं.

काल सगळं ठीक होतं. काल रविवार असूनही मी स्वतः येऊन मशीनचा बंदोबस्त करून गेलो. म्हणजे बिघाड माझ्यानंतरचा.

संध्याकाळी

मुद्देसूद लिहून काढतो. लिहिलं की डोकं शांत होतं.

लाँड्रीच्या काचेच्या केबिनमध्ये एकच कॉम्प्युटर. जुना, पण माझा हात बसलेला. त्यात दोन प्रोग्रॅम. एक माझा: काट्यावरचं वजन घेतो आणि मेमरीत बसून राहतो. दुसरा मेहुण्याचा, म्हणजे हिच्या धाकट्या भावाचा: गाठोड्याचं लेबल छापतो. दोन प्रोग्रॅमची एकमेकांशी ओळख ना पाळख. वजन कुठे ठेवलंय हे लेबलाला माहीत नाही. मग ते द्यायचं कसं? इथे माझी युक्ती. मेमरीच्या अगदी तळाशी पत्त्यांचा एक तक्ता असतो. प्रत्येक नंबरासमोर एक पत्ता. कुठल्याही प्रोग्रॅमने नंबराला हाक मारली की मशीन हातातलं काम टाकून त्या पत्त्यावर जातं, तिथे लिहिलेलं काम करतं आणि परत येतं. याला इंटरप्ट म्हणतात. काही नंबर मोकळे असतात. त्यातला साठ मी घेतला. माझ्या काट्याने तिथे आपला पत्ता लिहिला. लेबल हाक मारतं, साठ. काटा म्हणतो, बेचाळीस. काम झालं.

अडचण एकच. जागा एकाचीच असते. जो शेवटी येऊन आपला पत्ता लिहील, त्याची. शिस्तीचा माणूस आधीच्याचा पत्ता जपून ठेवतो आणि आपल्याला न कळलेली हाक त्याच्याकडे पोचवतो. मी शिस्तीचा आहे. पण मला कधी पोचवावं लागलं नाही, कारण साठवर मीच पहिला.

मागच्या आठवड्यात मेहुणा सहज म्हणाला, दाजी, साठ नंबर इतर लोकही वापरतात, नेटवर्क कार्डवाले वगैरे. सहज म्हणाला. त्याचं कुठलंच बोलणं सहज नसतं. म्हणून काल मी रुमाल टाकला. रुमाल हा माझाच छोटा प्रोग्रॅम. बसमधल्या सीटवर टाकतात तसा. एका ओळीचा. साठवर बसतो, कोणी हाक मारली तर नुसतं हूं म्हणतो आणि परत पाठवतो. जागा राखण्यापुरता. मशीन सुरू होताना प्रोग्रॅमची जी यादी चालते तिच्यात तो मी सर्वांत शेवटी घातला. शेवटचा शब्द आपला असावा.

एवढं करूनही शून्य. म्हणजे कोणीतरी रुमाल उचलून बसलं.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

मेहुण्याला विचारलं. तोंडावर आरोप केला नाही, फक्त विचारलं, साठवर काही ठेवलंस का. म्हणाला, नाही दाजी, मी फक्त हाक मारतो. विचारलं, मग शून्य कुठून आलं. म्हणाला, हाक मारायच्या आधी मी वजनाच्या जागी शून्य भरून ठेवतो. उत्तर नाही आलं तर भलतंसलतं छापलं जाऊ नये.

म्हणजे उत्तर येणार नाही याची याने आधीपासूनच तयारी ठेवली होती. विश्वासू माणूस असली तयारी ठेवत नाही.

मी म्हणालो, खाल्ल्या घरचे वासे मोजतोस. तो म्हणाला, दाजी, यादीत काही नवीन घातलंत का? मी म्हणालो, विषय बदलू नकोस. बोलणं तिथे बंद झालं. ते बंदच ठेवणार आहे.

आमच्याकडे राहायला आला तेव्हा याला बाइट म्हणजे चावा वाटायचा. मी शिकवलं. लाँड्रीत पहिला मॉनिटर आला त्या दिवशी लिफ्ट बंद होती, आणि यानेच तो खांद्यावरून वर आणला. टेबलावर ठेवून म्हणाला, दाजी, आता आपण दोघं. मी माझ्या रुमालाने त्याच्या मानेचा घाम पुसला होता. त्याला आठवत नसेल. मला आठवतं.

बुधवार, १० फेब्रुवारी

हॉस्पिटलने टेम्पो परत पाठवला. त्यांच्या स्टोअरवाल्या बाईंचं म्हणणं, शून्य किलोची गाठोडी आम्ही उतरवून घेत नाही. शून्य किलो चादरी पेशंटला कशा घालायच्या?

मालकीणबाईंनी केबिनचं दार लावून घेतलं. हे चांगलं लक्षण नाही. एरवी त्या दार उघडं ठेवून ओरडतात. हळू आवाजात म्हणाल्या, हॉस्पिटल गेलं तर निम्मे रोलर बंद होतील. पुढच्या गुरुवारी त्या बाई स्वतः बघायला येणार आहेत. त्या दिवशी लेबलावर वजन आलं नाही तर मी बाहेरची तयार सिस्टिम घेणार. तिच्याबरोबर कंपनीचा माणूस येतो. मग तुमच्या या खुर्चीचं काय ते तुम्हीच सांगा. मी म्हणालो, खुर्चीची काळजी करू नका. त्या म्हणाल्या, मी खुर्चीची करतच नाहीये.

थोड्या थकलेल्या दिसल्या. चांगल्या बाई आहेत.

तोवर फोरमन लेबलावर पेनाने वजन लिहिणार. त्याचा चार आणि सात एकाच आईचे.

दुपारी

या कॉम्प्युटरच्या तोंडावर कीबोर्ड बंद करायची किल्ली असते. आजवर ती तिथेच लटकत होती. आज फिरवली आणि खिशात टाकली. लेबलं छापायच्या वेळी मी उघडणार, मेहुणा टाइप करणार, मी मागे उभा राहणार, झालं की बंद. मेहुण्याने फोरमनला विचारलं, मग बिघाड शोधू कसा? फोरमनने येऊन मला विचारलं. मी फोरमनला म्हणालो, त्याला सांग, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या मी देत नाही. फोरमन गेला आणि त्याला म्हणाला, नाही म्हणतात.

माणसं निरोप पोचवतात, पण त्यातलं वजन मध्येच कुठेतरी गळून पडतं.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

ठरवलं. रोज एक तास फक्त तपास. चहा निम्मा. मेहुण्याचा विषय डोक्यात आणायचा नाही.

तपासाचा तास काट्याची पाटी रंगवण्यात गेला. पुढच्या गुरुवारी बाई येणार, पाटी हवी. निळा रंग वाळायला फार वेळ घेतो. वाट बघताना चहा झाला. नंतर आणखी एक, कारण पहिला गार होता. सकाळी मशीन सुरू होताना यादीतली नावं स्क्रीनवरून सरकतात, तेव्हापासून मेहुणा काचेपलीकडे उभा होता, त्यामुळे विषय डोक्यात आला. यात माझा दोष नाही.

संध्याकाळी ही म्हणाली, तुम्ही दोघं अबोला धरता आणि फोन मला येतात. मी काही पोस्टखातं नाही. तरी सांगते, तो म्हणतोय, आधी तुमचा रुमाल काढा. मी हूं म्हणालो. खिशातून रुमाल काढला आणि धुण्यात टाकला. मळला होताच.

पण माझ्या रुमालाची चौकशी त्याने बहिणीकडे करावी? लाँड्रीत नोकरी लागली म्हणजे साऱ्या जगाच्या खिशांवर हक्क आला का?

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

हॉस्पिटलमधून विचारणा. कालचं गाठोडं चव्वेचाळीस, सत्तेचाळीस की सत्त्याहत्तर? फोरमन म्हणाला, मधलं धरा.

तपास उद्यापासून. आज सर्दी झाली आहे. ओल्या चादरींच्या वाफेत उभं राहून राहून. कोणासाठी उभा राहतो मी?

ही पुन्हा म्हणाली, रुमालाचं लक्षात आहे ना? मी हूं म्हणालो. आजचाही धुण्यात टाकला.

शनिवार, १३ फेब्रुवारी

सापडलं.

जेवणाच्या सुट्टीत रोलर बंद होते. तक्ता उघडून पाहिला. साठसमोर जो पत्ता आहे तो माझ्या काट्याचा नाही. काटा मेमरीत आहे, जिवंत आहे, वजन घेतो आहे, पण साठच्या दारात त्याच्याऐवजी दुसरंच कोणी बसलंय. त्या पत्त्यावर जाऊन पाहिलं, बसलेला करतो काय? काही नाही. एक ओळ. परत जा. हाक आली, हूं, परत जा. वजन देणं नाही, मागच्याला विचारणं नाही, निरोप पुढे पोचवणं नाही. इतका आळशी, इतका निगरगट्ट कोड मी आजवर पाहिलेला नाही. लिहिणाऱ्याला जगात आपल्याशिवाय दुसरं कोणी आहे हे ठाऊकच नसावं. स्वतः काही देत नाही, आणि देणाऱ्यालाही देऊ देत नाही.

वाक्य चांगलं झालं. गुरुवारी वापरणार.

चहानंतर

आणखी एक लक्षात आलं आणि कप खाली ठेवला. ही रचना ओळखीची आहे. हुबेहूब माझ्या रुमालासारखी. म्हणजे त्याने रुमाल नुसता उचलला नाही, त्याची नक्कल केली. अक्षरन् अक्षर. गुरूची विद्या गुरूलाच.

प्रिंट काढून घडी करून ठेवली. पुरावा.

रविवार, १४ फेब्रुवारी

हिने मुद्दाम त्याला जेवायला बोलावलं. आम्हाला समोरासमोर बसवलं आणि स्वतः मध्ये बसली. मी हिला म्हणालो, त्याला विचार, मीठ हवंय का? तो हिला म्हणाला, ताई, दाजींना सांग, बेताचं आहे. ही म्हणाली, दोघांचेही कान शाबूत आहेत, मला जेवू द्या.



मला सर्दी. नाकाला रुमाल लावून बसलो होतो. मेहुणा माझ्याकडे बघत, पण हिला म्हणाला, ताई, यांना एकदा नीट सांग, रुमाल काढा, सगळं सुरळीत होईल. मी लगेच रुमाल नाकावरून काढून खिशात घातला. म्हटलं, होऊ दे सुरळीत. त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, तो नव्हे. पुढेही काही म्हणाला. मी हात धुवायला उठलो होतो. नळ मोठा सोडला.

पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने यजमानाच्या नाकाविषयी बोलू नये.

तो गेल्यावर ही बराच वेळ बोलत होती. मालकीणबाईंनी त्याला काही विचारलंय, त्याने काही अट घातलीय, मला ते आधीच ठाऊक असलेलं बरं, असं काहीसं. मी प्रिंटवर लाल पेनाने खुणा करत होतो. हूं म्हणालो.

सोमवार, १५ फेब्रुवारी

लेबलं छापताना एक जास्तीचं लेबल बाहेर आलं. ग्राहक: दाजी. माल: रुमाल. नग: एक. वजन: शून्य. सूचना: लगेच काढावा.

मी मागे उभा असताना, माझ्या नाकासमोर, याने हे टाइप केलं. मी त्या वेळी शिंकत असणार. ऑफिसच्या लेबलावर खासगी माल छापणं हा शिस्तभंग आहे. पण आता छापलंच आहे तर लेबल वाया का घालवा? खिशातल्या रुमालाला टाचून ट्रॉलीत टाकलं. दुपारी फोरमनने तो धुऊन, कडक इस्त्री करून परत आणला. म्हणाला, घ्या, शून्य किलो, मोजून घ्या. मेहुणा काचेपलीकडून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी पश्चात्ताप म्हणेन.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

ही म्हणाली, तो म्हणतोय, रुमालाचा एवढाच हट्ट असेल तर राहू द्या. तुम्ही काट्याला एकसष्ट नंबर द्या, मी लेबलातही एकसष्ट करतो, पाच मिनिटांचं काम आहे. मी हूं म्हणालो. मग विचार केला आणि म्हणालो, नाही. आपल्याच घरातून बाहेर निघून शेजारच्या ओसरीवर झोपायचं? साठ माझा आहे. साठवरच राहीन.

ही म्हणाली, मग रुमालाचं काय कळवू? मी तिला खिडकीबाहेरची दोरी दाखवली. सगळे रुमालच. म्हणालो, आणखी किती काढू? ही म्हणाली, मला काय ठाऊक कुठला रुमाल. तो म्हणतो, तुम्हाला बरोबर कळेल. मी म्हणालो, मला सगळं कळतं. ती दोरीकडे बघत राहिली. म्हणाली, ते दिसतंच आहे.

ती कोणाच्या बाजूने आहे हे आज स्पष्ट झालं. लग्नात सात पावलं माझ्याबरोबर चालली, पण रक्त शेवटी भावाचं.

बुधवार, १७ फेब्रुवारी

भाषण तयार. सुरुवात सौम्य, मध्ये पुरावा, शेवटी ते वाक्य. आरशासमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना डोळे पुसले. सर्दीने नव्हे.

पाटीला दुसरा हात दिला.

क्षमा करायची की नाही, ते अजून ठरवलेलं नाही. त्याने सर्वांसमोर मागितली तर विचार करीन. उद्या या वेळी दूध का दूध झालेलं असेल.

गुरुवार, १८ फेब्रुवारी. संध्याकाळ

घाईने लिहीत नाही. क्रमाने लिहितो.

स्टोअरवाल्या बाई अकराला आल्या. बुटक्या, पांढरी साडी, बोलायच्या आधी चष्मा काढणाऱ्या. मी प्रथम पाटी दाखवली. त्यांनी पाटीवर बोट टेकवलं, बोट निळं झालं. रुमाल द्यावा म्हणून खिशात हात घातला. एकही नव्हता. सगळे दोरीवर. त्यांनी बोट आमच्याच एका धुतलेल्या चादरीला पुसलं. मालकीणबाईंनी डोळे मिटले.

गाठोडं चढवलं. स्क्रीनवर बेचाळीस. लेबलावर शून्य.

हे मला अपेक्षितच होतं. इथूनच माझं भाषण सुरू होतं. मी प्रिंट उलगडली. साठ नंबर, तक्ता, पत्ता, सगळं सोपं करून सांगितलं. सांगितलं की त्या जागेवर कोणीतरी गुपचूप येऊन बसलंय, आणि ते कोण आहे हे कोडच सांगतो. स्वतः काही देत नाही, आणि देणाऱ्यालाही देऊ देत नाही, हे म्हणताना मेहुण्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. म्हटलं, लागलं. स्टोअरवाल्या बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, मला फक्त वजन हवंय. मालकीणबाई म्हणाल्या, हे लिहिलंय कोणी, ते एकदा सांगून टाका. मी म्हणालो, ज्याने लिहिलं त्यालाच विचारा.

मग मेहुणा म्हणाला, दाजी, किल्ली द्या.

इतक्या दिवसांनी थेट मला.

मी किल्ली टेबलावर ठेवली. म्हणालो, घे, ज्याचं पाप त्याने पुसावं.

त्याने यादी उघडली. खाली खाली जात शेवटच्या ओळीवर थांबला. तिथे लिहिलं होतं, रुमाल. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागताना पाहतात तसं. मी हूं म्हणालो. सवयीने म्हणालो. त्याने ओळ पुसली, मशीन बंद केलं, चालू केलं, लेबल काढलं.

बेचाळीस.

पुढचं गाठोडं. अडतीस. फोरमन सांगितल्याशिवाय काट्यावर चढला. लेबल वाचून म्हणाला, घरी दाखवायला नेतो.

स्टोअरवाल्या बाईंनी विचारलं, काय होतं? मेहुणा म्हणाला, काही नाही, एक जुना प्रोग्रॅम जागा अडवून बसला होता. बाईंनी विचारलं, कोणाचा? तो म्हणाला, जुना होता, आता कोणाचा का असेना. फोरमन छताकडे बघत होता. मालकीणबाई माझ्या हातातल्या प्रिंटकडे.

आज जे काही झालं त्यात मला सर्वांत जास्त हे लागलं. माझ्या रुमालाला सर्वांसमोर जुना म्हणाला. लिहून दोन आठवडेही झाले नव्हते.

बसमध्ये परत येताना शांतपणे विचार केला. साठ नंबर पूर्ण काळ माझ्याच ताब्यात होता. कोणालाही आत शिरता आलं नाही. माझ्या काट्यालाही नाही. म्हणजे बंदोबस्त शंभर टक्के यशस्वी झाला. हे कोणी बोलून दाखवलं नाही.

हॉस्पिटलचं काम राहिलं. बाई गेल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, रोजचं सगळं आता तो बघेल. तुम्ही सल्लागार. लागलं की विचारू. मी म्हणालो, किल्ली? त्या म्हणाल्या, राहू दे त्याच्याकडे. खुर्चीचं विचारलं नाही. सल्लागाराला ठरावीक खुर्ची नसतेच.

दारात मेहुण्याने गाठलं. म्हणाला, दाजी, राग नाही ना? मी म्हणालो, रागवायचं मी की तू? तो म्हणाला, यादीत काय घातलं एवढं त्या दिवशी सांगितलं असतंत तर. मी म्हणालो, विचारायची एक पद्धत असते. तो म्हणाला, विचारलं होतं. मग म्हणाला, तुमच्या कानाला निळा रंग लागलाय. आणि स्वतःचा रुमाल पुढे केला. मी घेतला नाही.

घरी

ही दोरीवरचे रुमाल काढत होती. सगळं सांगितलं. ती कशालाच चकित झाली नाही. म्हणाली, मालकीणबाईंनी त्याला गेल्या आठवड्यातच सांगितलं होतं, सगळं तू घे, त्यांना जाऊ दे. तो म्हणाला, दाजी जाणार असतील तर मीही जातो. सल्लागार हा शब्द त्याचा आहे. मी म्हणालो, हे मला कोणी सांगितलं नाही. ही म्हणाली, मी सांगितलं, रविवारी. तुम्ही हूं म्हणालात. मी म्हणालो, हूं म्हणजे ऐकलं असं नव्हे. ही म्हणाली, ते मला लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यातच कळलंय.

मग म्हणाली, पण आता पुरे. यापुढे तुमचे निरोप माझ्यामार्फत नाहीत. त्याच्याशी परस्पर बोला.

म्हणजे बायको, मेहुणा आणि मालकीणबाई, तिघांनी माझं परस्पर ठरवलं. आणि आता मलाच सांगतात, परस्पर बोला. शब्द तोच. तो माझ्या पाठीमागे होतो तेव्हा विश्वासघात असतो, आणि माझ्यावर सोपवला की शिस्त. सख्ख्या माणसांनी इतकं एका आठवड्यात केलेलं मी पाहिलेलं नाही.

रुमालांच्या घड्या करून तिने माझ्या हातात दिल्या. मी हूं म्हणणार होतो. तोंडाशी आलं आणि थांबलो. त्याऐवजी काय म्हणतात ते आठवेना.

ठरवलं. उद्या सकाळी मेहुण्याला स्वतः फोन करायचा. आधी तो चुकलं म्हणाला तर मीही म्हणेन.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

सल्लागाराला वेळेचं बंधन नसतं. तरी नेहमीची बस धरली. फोन राहिला. बसमध्ये खिडकीजवळ एकच जागा मोकळी होती. तिच्यावर कोणाचा तरी रुमाल होता. मी शेजारी दांडी धरून उभा राहिलो. शेवटच्या थांब्यापर्यंत कोणी आलं नाही.